कात नव्हती, भाजलं होतं

स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, असं लहानपणापासून ऐकत आले आहे. या एका बाबतीत मात्र मी ते करणार आहे, कारण दुसऱ्या कुणी ते माझं समाधान होईल इतकं केलेलं नाही. आमच्या घरातल्या अजगराचं पोट भाजलं होतं. माझा नवरा, कॉलनीतल्या बायका आणि परभणीला जनावरांची डॉक्टरकी शिकणारी आमची मुलगी, सगळे म्हणत होते की तो कात टाकणार आहे. भाजलंय हे मी ओळखलं. मी नवीन जालन्यात एका बँकेत नोकरी करते आणि तोपर्यंत सापांशी माझा संबंध ओरडण्यापुरताच होता.

अजगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शेळी गिळणारं धूड येतं. आमचा तसला नाही. आफ्रिकेतल्या एका लहान जातीचा आहे, मनगटाएवढा जाड, आणि इतका भित्रा की कुणी मोठ्यानं शिंकलं तरी स्वतःचा चेंडू करून डोकं आत लपवतो. आपल्या रानातले साप पाळायला कायद्यानं बंदी आहे. हा परदेशी जातीचा, सरकारकडे रीतसर नोंदवलेला. मुलीनं बारावीत असताना बापाकडून कबूल करून घेतलं होतं की पशुवैद्यकीयला नंबर लागला तर साप आणायचा. नंबर लागणं अवघड, म्हणून बाप खुशाल हो म्हणून बसला. नंबर लागला आणि साप आला. मी चिडून केदारखेड्याला माहेरी निघून गेले. तिथं माझ्या भावानं विचारलं, सापाला भिऊन तू खेड्यात आलीस? इथं तर ते फुकट निघतात. मी मुकाट्यानं परत आले.

आता, वसतिगृहात साप ठेवू देत नाहीत हे मुलीला आधीच माहीत होतं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. ती परभणीला गेली आणि तो माझ्याकडे राहिला. नवऱ्याची नोकरी बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत, हंगामात त्याला घर आठवत नाही. त्यामुळे पाणी बदलणं, पिंजरा पुसणं आणि त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवलेले उंदीर कोमट पाण्यात सोडणं हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्यांदा उंदीर चिमट्यात धरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, आणि त्या आंधळ्यानं उंदराऐवजी चिमटाच पकडला. मग मी डोळे उघडे ठेवायला शिकले.

मुलीच्या सूचना भरपूर होत्या, पण एक सूचना ती फोन ठेवता ठेवताही सांगायची. कातीवर आला की हात लावायचा नाही. त्या दिवसांत डोळ्यांवर पडदा येतो, त्याला धड दिसत नाही, नवी कातडी कोवळी असते, तो वैतागलेला असतो. लांबून बघायचं आणि पाणी तेवढं भरून ठेवायचं. ही सूचना मला फार आवडली होती. सापाला हात लावू नकोस, असं सांगणारं त्या घरात तेवढं एकच वाक्य होतं.

पण लांबून बघता बघता मला त्याच्या कातीचा क्रम पाठ झाला. आधी पोट गुलाबी होतं, गळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं सारखं, कुठं जास्त कुठं कमी असं नाही. मग पाठीवरची नक्षी मळकी दिसू लागते, धूळ बसल्यासारखी. मग डोळे दुधाळ निळे होतात. मग ते पुन्हा स्वच्छ होतात, आणि आपल्याला वाटतं की बेत रहित झाला, तेवढ्यात एका सकाळी उलट्या काढलेल्या मोज्यासारखी अख्खी कात पिंजऱ्यात पडलेली असते. आत नवाकोरा अजगर. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बँकेत सगळ्यांना सांगितलं. शिपायापासून साहेबापर्यंत कुणी त्या दिवशी डबा नीट खाल्ला नाही.

पावसाळ्यात पिंजऱ्यावरचा उबेचा दिवा गेला. या जातीला ऊब लागते, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. नवऱ्यानं दिव्याऐवजी पिंजऱ्याच्या तळाखाली बसवायची विजेची चटई मागवली. सोबत तापमान राखणारं यंत्र होतं. त्याच्या तारेचं टोक जिथं ठेवू तिथली उष्णता ते मोजतं आणि त्याप्रमाणे चटई चालू-बंद करतं. माझा नवरा या कामातला माणूस. बियाणं उगवतं की नाही हे तपासायला ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत बिया घालून त्या एका मोठ्या कपाटात ठेवतात, आणि त्या कपाटाची ऊब सांभाळणं हे त्याचं रोजचं काम. कपाटात तापमापक मधोमध, हवेत टांगलेला असतो. त्यानं इथंही तसंच केलं. तारेचं टोक पिंजऱ्याच्या बरोबर मध्यावर दोऱ्यानं टांगलं, गाठसुद्धा इतकी देखणी मारली की मी कौतुक केलं. आकडा ठरवून दिला, यंत्रावरचा दिवा लुकलुकला आणि तो हंगामाच्या कामाला निघून गेला.

मग श्रावण लागला. उन्हाळाभर भट्टी असणारं आमचं जालना त्या दिवसांत ओलसर, गार झालं होतं.

नागपंचमीला आमच्याकडे चुलीवर, आता गॅसवर, तवा ठेवत नाहीत. चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. नागोबाला चटका बसतो म्हणतात. त्या दिवशी सगळं उकडलेलं, पुरणाचे दिंड आणि वर तुपाची धार. मी हे सगळं पाळते. श्रद्धा किती आणि पोळ्यांना सुट्टी मिळाल्याचा आनंद किती, हे माझं मला माहीत. कॉलनीतल्या बायकांना मात्र त्या वर्षी वारूळ शोधत जायचं कारण उरलं नव्हतं. वारूळ आमच्या हॉलमध्ये होतं. त्या हळदीकुंकू, लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन आल्या. मी दारातच सांगितलं की दूध आत येणार नाही, कुंकू काचेला बाहेरून लावा, दर्शन पोटभर घ्या. एक दोघींची तोंडं फुगली. फुगू देत. माझ्या घरात मी पाहुण्याच्या पोटाला न सोसणारं काही देत नाही.

दर्शन चालू असताना तो काचेवर चढला. एरवी इतक्या गर्दीत त्यानं चेंडू केला असता. तो तळावरून अंग उचलून काचेला टेकून राहिला आणि त्याचं पोट सगळ्यांना दिसलं. मधल्या भागात लाल होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, कात टाकणार, शुभ आहे, सणाच्या दिवशी कातीवर आला. सगळ्यांनी हात जोडले. नवरा घरी होता, तोही म्हणाला की कातच असणार, आकडा तर अगदी ठरवल्याप्रमाणे आहे. मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. पोट आधी गुलाबी होतं, डोळे नंतर येतात, म्हणाली. आता हात लावू नकोस. मी निश्चिंत झाले. दिंड सगळ्यांना आवडले.

पुढचे काही दिवस मी बँकेतून आले की आधी त्याचे डोळे बघायची. ते काळेभोर, लखलखीत. पाठही मळली नव्हती, नक्षी अगदी ठसठशीत. आणि तो सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसलेला. कातीच्या आधीही तो कधी कधी पाण्यात बसतो, असं मुलीनं फोनवर सांगितलं. नवऱ्यानं सांगितलं की तू फार विचार करतेस. शेजारच्या काकूंनी सांगितलं की देवाचं काम आहे, त्याला वेळ लागतो. तिघांची तीन कारणं, आणि तिन्हींचा अर्थ एकच की मी गप्प बसावं.

माझं डोकं तिथं फिरलं. बँकेत माझ्याकडे सह्या पडताळायचं काम असतं. खोटी सही करणारा शेवटचा झोकदार फाटा हुबेहूब काढतो, कारण सगळे तोच बघतात. मी तो बघत नाही. सुरुवात कुठून झाली, हात कुठं उचलला, कशानंतर काय आलं, हे बघते. इथं सगळे लाल पोट बघत होते. लाल पोटानंतर जे यायला हवं ते येत नव्हतं, आणि ते लालही सगळीकडे नव्हतं. गळा पांढरा होता, शेपटी पांढरी होती. कात काही तुकड्यातुकड्यानं रंगत नाही.

रविवार होता. नवरा सकाळी पेपर वाचत बसला होता. मी बाह्या वर केल्या आणि पिंजरा उघडला. एकटीनं त्याला उचलायची ती माझी पहिलीच वेळ. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला होता, आणि रागात माणूस बरंच काही उचलतो. तो थंड पाण्यातून निथळत माझ्या हातावर आला. मी त्याला जुन्या मऊ साडीवर घेतलं आणि हळूच कूस बदलली. पोटाच्या मधल्या भागावर तळहाताएवढा पट्टा लालभडक. खवल्यांच्या कडा करपलेल्या, तपकिरी. दोन ठिकाणी पाण्यानं टरारलेले फोड, आणि एक फुटून ओला झालेला. साडीला चिकट डाग पडला. पोळ्या करताना मनगटाला तव्याची कड लागली की दुसऱ्या दिवशी जसं दिसतं तसं, हुबेहूब. ज्या बाईनं जन्मभर पोळ्या केल्या तिला हे ओळखायला पुस्तक लागत नाही.

मी पिंजऱ्यात हात घालून तळावर, त्याच्या नेहमीच्या जागी, तळहात टेकवला. टेकवला तसा काढून घेतला.

नवऱ्याला हाक मारली. तो आला, आधी यंत्राकडे बघितलं आणि म्हणाला, "आकडा तर बराबर हाय की."

"आकडा हवेचा हाय," मी म्हणाले. "पोट काय हवेत ठिवतो का तो? तुमच्या बिया टांगलेल्या असत्यात, हा जमिनीवर झोपून राह्यलाय."

त्यानं स्वतः तळावर हात ठेवला. श्रावणातली गार हवा ठरवल्या आकड्यापर्यंत आणण्यासाठी बिचारी चटई अखंड तापत होती, आणि हवा तापेपर्यंत तळाचा तवा झाला होता. हे साप तव्यावरून लगेच उठूनही जात नाहीत, हे मला नंतर कळलं. खालून भाजतंय हे त्यांना वेळेवर कळत नाही, ऊब समजून तिथंच बसतात आणि पोट भाजल्यावर मग काच नाहीतर पाणी शोधतात. नागपंचमीला ज्या घरात तवा चढवला नव्हता, त्या घरात त्या दिवशीही हा एक तवा चालू होता. नवऱ्यानं दोरा तोडला आणि वायर उपटली. मला भांडायचं होतं, पण त्याचा चेहरा बघून मी पुढचं सगळं भांडण गिळलं. म्हणजे त्या दिवसापुरतं.

जालन्यात जनावरांचे डॉक्टर म्हणजे गायी, म्हशी, आणि अलीकडे कुत्री. आमच्या ओळखीचे डॉक्टर रविवारीही दवाखाना उघडा ठेवतात. मी अजगर उशीच्या अभ्र्यात घालून नेला. बाकावर बसलेली माणसं आपापली कुत्री घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली, त्यामुळे नंबर लगेच लागला. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की म्हशीची भाजलेली कास त्यांनी पाहिली आहे, अजगर पहिलाच. पण जखम कुणाचीही असो, जखम असते. त्यांनी फोन लावून परभणीच्या एका जाणत्या प्राध्यापकांना विचारलं, औषध मोजून इंजेक्शन दिलं, धुवायचं औषध आणि भाजल्यावरचं मलम दिलं. मग हात धुता धुता म्हणाले, "ताई, कात म्हणून अजून सोडून दिला असता ना, तर पू आत उतरला असता. मंग माझ्या हातात काई राह्यलं नसतं. बरं झालं तुम्ही उचलला."

उशीचा अभ्रा छातीशी धरून मी बाहेर आले तेव्हा रिक्षावाल्यानं विचारलं, काय आहे त्यात? मी सांगितलं. तो निघून गेला. पण सांगते, त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी पायीसुद्धा घरी गेले असते.

मुलीला फोन केला. ती आधी रडली, मग बापाला बोलली, मग स्वतःला बोलली, आणि शेवटी जे बोलली ते मला लागलं. ती म्हणाली की दिवाळीला येईन तेव्हा त्याला घेऊन जाईन. संभाजीनगरला तिच्या एका मैत्रिणीकडे असे चार-पाच साप आहेत, सगळी सोय आहे, तिथं तो नीट राहील. आवाजात राग नव्हता. रोग्याला मोठ्या दवाखान्यात हलवावं तसं ती बोलत होती. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. ज्याला मी कधी मागितलं नव्हतं, तो जाणार म्हटल्यावर मी उठून त्याचं पाणी त्या दिवशी दुसऱ्यांदा बदललं. आणि तो आमच्याकडे नीट राहत नाही असं ठरवून जाणार, हे तर मला मुळीच मान्य नव्हतं.

दिवाळीपर्यंत मग मी एक दिवस चुकवला नाही. रोज संध्याकाळी नवरा त्याचा पुढचा भाग धरायचा, मी कोमट पाण्यात औषध घालून पोट धुवायची, टिपायची, मलम लावायची. खाली भुसा नको, जखमेला चिकटतो, म्हणून नवऱ्यानं बिया तपासायला वापरतात तो जाड कोरा कागद दुकानातून गठ्ठाभर विकत आणला आणि तो रोज बदलायचा. चटईवर त्यानं फरशी बसवली, तारेचं टोक तळालाच चिकटवलं आणि वर पुन्हा स्वतःचा तापमापक घेऊन कोपरा न् कोपरा मोजत बसला. आता आमच्या पिंजऱ्याइतकी तपासलेली जागा त्याच्या प्रयोगशाळेतही नसेल. मी त्याला हे म्हणाले तर तो लाजला. फोडांवर खपली धरली, लाल रंग उतरला, आणि एक दिवस अजगरानं उंदीर घेतला. चिमटा सोडून नेमका उंदीरच. मी कॉलनीत पेढे वाटणार होते, पण कशाचे हे सांगावं लागलं असतं.

मग पोट पुन्हा गुलाबी झालं. नवरा घाबरून मला बोलवायला आला. मी बघितलं. गळ्यापासून शेपटीपर्यंत सारखं. पुढं पाठ मळकी झाली, डोळे दुधाळ झाले, पुन्हा निवळले. सगळं क्रमानं. मी हात लावला नाही, लावायचा नव्हताच. कात निघाली ती पहिल्यासारखी अखंड नाही निघाली, जखमेच्या जागी अडकून राहिली. ओढून काढायला बोटं शिवशिवत होती, नवरा तर चिमटा घेऊनच उभा होता. मी दोघांनाही आवरलं. भांड्यात ओला कपडा ठेवला, त्याला त्यात घोळू दिलं, आणि तो तुकडा त्याचा त्यानं सुटला. खाली नवी कातडी होती, वेडीवाकडी, पण कोरडी आणि बंद.

दिवाळीला मुलगी आली ती एक मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन. झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडलेली. तिनं तो दाराजवळ ठेवला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. चहासुद्धा न घेता तिनं अजगर काढला, पलंगावर घेतला आणि उताणा करून तपासू लागली. व्रणावरून बोट फिरवलं, एकेक खवला दाबून बघितला, तोंड उघडून बघितलं, डोळे बघितले. मला प्रश्न विचारत होती. पाणी किती कोमट घेत होतीस, किती वेळ धुवायचीस, अडकलेली कात ओढली का. मी उत्तरं देत होते, आणि नोकरीच्या मुलाखतीला कधी झालं नाही असं माझं होत होतं. नवरा स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होता.

शेवटी तिनं त्याला माझ्या हातात दिलं. तो सवयीनं माझ्या मनगटाला वेटोळं घालून बसला.

"फोटो बघून मी कातच म्हणले होते," ती म्हणाली. "वरून तुलाच सांगून राह्यले होते की हात लावू नको. तू माझं ऐकलं असतंस तर हा न्हाई वाचला असता, आई."

मी तिची समजूत काढायला हवी होती. आया काढतात. पण मी म्हणाले, "न्हाईच वाचला असता." आणि मला फार बरं वाटलं.

तिनं मैत्रिणीला फोन करून काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी शंकरपाळे तळत होते. सुट्टी संपल्यावर ती परभणीच्या गाडीला निघाली तेव्हा डबा दाराजवळ तसाच रिकामा होता. भोकांतून हवा लागून सादळू नये म्हणून मी त्याला आतून प्लास्टिकची पिशवी लावली आणि काठोकाठ चिवडा भरून दिला.